डाग लागत नाही

यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या वळणाला
काटा लालात शिरतो.
दर वेळी तिथंच.
मी बोनेट उघडून उभी राहते,
झाकणाला हात लावत नाही.
एकदा लावला होता, मनगटावर खूण आहे.

एकोणीसशे बासष्टची फियाट.
बहीण म्हणाली होती, फंडाच्या पैशाचं सोनं घे.
मी हिला घेतलं, पाचगणीच्या दाताच्या डॉक्टरकडून.
नोकरीची पहिली अठरा वर्षं ट्रंक बुकिंगला होते,
कानाला हेडफोन, लोकांची बोलणी जोडून द्यायची.
वाटलं, आता कुणीतरी माझ्या एकटीशी बोलावं.
बोलते ही. उकळून बोलते.

कोडोलीच्या रस्त्याला जयसिंग तांबटांचं दुकान.
‘आजा बंब घडवायचा,’ ते म्हणाले,
‘बंबात पाणी तापतं, जाळीत निवतं.
उलटा बंब, बाई. दुसरं काही नाही.’
आणि माझा रेडिएटर बाकावर उताणा घातला.
दोन ओळी नळ्यांच्या,
त्यातल्या सहा कुणीतरी कधीतरी बुजवलेल्या,
उरलेल्यांत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर,
चहाच्या पातेल्याला बसतो तसा.
‘तीन ओळींचा गाभा घालतो, तांब्याचा.
वरची टाकी हीच, पितळी. शिक्कासुद्धा हाच.
कुणाला कळणार नाही.’

आतून शामल आली, त्यांची मुलगी,
आयटीआय झालेली, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर.
‘ॲल्युमिनियम घ्या मावशी. निम्मं वजन, रुंद नळ्या.
विजेचा पंखा नको, तुमचा डायनामो रडेल.
आहे त्या पंख्याभोवती पत्र्याचं कडं करते,
म्हणजे हवा इकडंतिकडं पळणार नाही.’

तांबटांनी तोंड फिरवलं.
‘ॲल्युमिनियमला डाग लागत नाही.’

दुसऱ्या कुठल्याही दुकानात
हे कौतुक ठरलं असतं.

‘घाटात खडा लागला, तर कोण सांधणार?
तांबं असलं तर मेढ्यातसुद्धा
स्टोव्ह पेटवणारा कुणीतरी निघतो.’

‘मी सांधीन,’ शामल म्हणाली. हळू.
तेवढ्यात दुकानातला कॉम्प्रेसर बंद पडला होता,
त्यामुळे ऐकू गेलं सगळ्यांना.

दोन्ही लाइनवर माणसं खोळंबलेली,
मधे मी, पिन हातात.
तांब्याचा भाव विचारला,
ॲल्युमिनियमचं वजन हातात तोलून बघितलं,
नळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.
थंडाव्याचं गणित तेव्हाही कळलं नव्हतं,
खरं सांगायचं तर आजही नाही.
ती ‘मी’ म्हणाली,
तिकडे पिन टोचली.

आठ दिवसांनी न्यायला गेले, तर नवा रेडिएटर काळा.
तांबटांनीच रंगवलेला, न विचारता,
‘चांदीसारखा चमकला तर गाडीला शोभंल का?’
आणि पत्र्याच्या कड्यावर जुन्या टाकीचा शिक्का,
कापून, घासून, दोन रिबिटांनी ठोकलेला.
डाग लागत नाही म्हणून रिबिट.
त्याचे पैसे बिलात नव्हते.
शामल बिल लिहिताना खाली बघून हसत होती.

रविवारी समर्थ मंदिराकडून चढाला लागले.
पहिलं वळण. दुसरं.
काटा मधोमध,
दुपारी जेवून बसलेल्या माणसासारखा.
तिसऱ्या वळणावर हौसाबाईची कणसांची टपरी.
आवाज तिला लांबूनच कळतो गाडीचा,
ती निळी बादली भरून रस्त्याच्या कडेला उभी,
पाणी हिंदकळून तिच्या पायांवर.

पुढं जाता आलं असतं.

‘आज वाफ न्हाई?’
‘न्हाई.’
‘मंग थांबलीस कशापायी?’

दोघींनी बादलीकडं बघितलं.

मग काच धुतली.
धुळीची होतीच तशी.